ओढ कुठल्या बाजूची

सांगतोय त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या बाथरूमच्या भिंतीत जो स्क्रू बसलाय, तसला स्क्रू कुठल्या कारखान्यानं बनवलेला नाही आणि कुठल्या दुकानानं विकलेला नाही. त्याचं डोकं आमच्या घरात आहे आणि शेपूट दुसऱ्याच्या घरात.

एवढं बोलून मी थांबलो. लेक खुर्चीत नुसती टेकली होती, पर्स अजून खांद्याला होती. तिनं ती काढून मांडीवर घेतली, म्हणजे ऐकणार होती. जावईबापू रात्रपाळी संपवून घरी न जाता तसेच गाडी घेऊन तिच्याबरोबर आले होते. ते भिंतीला डोकं टेकून बसले होते, एक डोळा उघडा आणि एक मिटलेला. मिटलेल्या डोळ्यानं ऐकत असावेत.

"बाबा," लेक म्हणाली, "मी स्क्रूचं नाही विचारलं. दांडी पक्की आहे का, एवढंच विचारलं."

"तेच सांगतोय."

"हो किंवा नाही. एका शब्दाचं काम आहे."

"एका शब्दात मावेल अशी दांडी नाही ती."

तिनं कपाळाला हात लावला. चहा पुढ्यात निवत होता. आम्ही सगळेच इतके दमलेलो होतो की कप उचलायला कुणी तरी दुसऱ्यानं सुरुवात करावी, याची वाट बघत होतो.

दांडी म्हणजे बाथरूममध्ये कमोडच्या बाजूला भिंतीवर बसवतात ती, स्टीलची, हातभर लांब. आमच्या हिचे गुडघे आता बसायला तयार असतात, उठायला नसतात. त्या दांडीला धरून ती उठते. दुसऱ्या कुणी हात दिलेला तिला चालत नाही, बाई लावू म्हटलं की दोन दिवस बोलत नाही. सकाळी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी लेकीला फोन केला की तुमच्या आईच्या बाथरूमकडून धप्पकन आवाज आला, भांडं पडल्याचा नव्हे, माणूस पडल्याचा. लेक कामावरून अर्धी रजा टाकून निघाली आणि येतानाच ठरवून आली. दांडी पक्की असेल तर आई इथं राहील. नसेल तर आईला ती आजच घेऊन जाणार. तिच्याकडे बाथरूम नवं आहे, जमिनीला न घसरणाऱ्या फरश्या आहेत, लिफ्ट आहे. जागा मात्र एकाचीच आहे, कारण दुसऱ्या खोलीत जावईबापूंच्या मातोश्री आहेत. म्हणजे ही तिकडे आणि मी इकडे. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि सगळा संसार स्टीलच्या एका दांडीवर येऊन लोंबकळत होता.

"मी बघूनच येते," म्हणून लेक उठायला लागली.

"फरशी ओली आहे," मी म्हणालो. "आत्ताच धुतलीय. घसरलीस तर तुला कुणाकडे न्यायचं?"

ती परत बसली. तिचे पाय दुखत होते, मला दिसत होतं. तिची आई आतल्या खोलीत होती, पण तिच्या बाजूनं काही आवाज नव्हता.

"बरं, सांगा," लेक म्हणाली. "पण लवकर. ह्यांना आज परत रात्रपाळी आहे."

मी आयुष्यभर हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागं उभा होतो. दुकान शेठचं, पाय माझे. मागं भिंतभर लाकडी खण आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालाचा एक नमुना अडकवलेला. दुकानात मला 'दीडइंची' म्हणायचे. हे नाव उंचीवरून पडलं की स्क्रूवरून, हे मी कधी विचारलं नाही. डोळे बांधून कुणी मुठीत स्क्रू दिला तर अंगठ्यानं नुसता फिरवून त्याचा नंबर सांगायचो. हे खरं आहे. बाकीच्याचं तुम्ही ठरवा.

गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, मोठा स्क्रू द्या. आता मोठा म्हणजे काय? लांबी इंचात असते, जाडी नंबरात असते. सहा नंबर बारीक, आठ मधला, दहा जाड, बारा म्हणजे पैलवान. पण सहा नंबरवाला चांगला दोन इंच लांब मिळतो आणि बारा नंबरवाला इंचभर बुटका असू शकतो. दोघंही स्वतःला मोठे समजतात. म्हणून मी गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारायचो. कशात बसवायचाय? वजन किती यायचंय? आणि ओढ कुठल्या बाजूची? तिसऱ्या प्रश्नाला लोक वैतागायचे. पण फळीवर डबे ठेवले तर ओढ खाली असते, डबे स्क्रूची मान मोडायला बघतात, तिथं जाडी लागते. दाराच्या मुठीची ओढ सरळ बाहेर असते. तिथं मान मोडत नाही, स्क्रू शेपटासकट निघून हातात येतो. तिथं जाडीचा काही उपयोग नाही, लाकडाच्या पोटात स्क्रूचे किती आटे, म्हणजे वेढे, रुतलेत त्याला महत्त्व.

"हे मला पाठ आहे," लेक जावईबापूंना म्हणाली. "शाळेत असताना मी नवी बॅग मागितली तरी हेच. कशात, किती वजन, ओढ कुठली. तुमच्याशी लग्न करते म्हणून सांगितलं तेव्हा पण हेच विचारलं."

जावईबापूंचा मिटलेला डोळा उघडला. "मग काय सांगितलंस?"

"सत्तर किलो सांगितलं. तेव्हा होतात तुम्ही सत्तर."

"आणि ओढ?"

"ते सांगायच्या आत बाबा रडायला लागले."

हे साफ खोटं आहे. माझ्या डोळ्यात लाकडाचा भुसा गेला होता.

तर दांडी. खोक्यात दांडीबरोबर स्क्रूंची पुडी आली होती. पुडीतले स्क्रू मी हातात घेऊन दाबले तर त्यांच्यावर माझ्या बोटांचे ठसे उठले. असला माल आम्ही दुकानात ठेवला असता तर शेठनं मला खणात घालून खण बंद केला असता. ती पुडी मी खिडकीत ठेवली, एक कावळा आला, त्यानंही नको म्हणून परत ठेवली. मी माझ्या डब्यातले बारा नंबर काढले, इंचभर लांबीचे, चांगले दणकट. कशात बसवायचे, भिंतीत. वजन किती, आमच्या हिचं जेवढं असेल तेवढं, ते विचारायची माझी हिंमत नाही. दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावर मी गडी खूश. भोकं पाडली, दांडी बसवली, वरून लोंबकळून बघितली. मी लोंबकळलो, दांडी हलली नाही. मग म्हटलं आणखी थोडं वजन घालून बघू, तर शेजारच्या शिंपीभाऊंना बोलावलं, ते माझ्या कमरेला लोंबकळले. मग खालच्या बाई काय चाललंय बघायला आल्या, त्या त्यांच्या कमरेला. पोस्टमन आला होता, त्यानं पत्र दिलं आणि तोही लटकला. दांडी जागची हलली नाही.

"पोस्टमन," लेक म्हणाली.

"त्याला घाई नव्हती."

"पुढं सांगा."

दुसऱ्या दिवशी ही आत गेली. दांडीला हात घालून उठायला लागली आणि दांडीच तिच्याबरोबर उठली. चारही स्क्रू भिंतीतून निघून, फरशी ओलांडून, बाहेरच्या दारापर्यंत घरंगळत आले आणि माझ्या चपलेशेजारी लपून बसले. मी विचारलं काय झालं, तर एकही माझ्याकडे बघेना. बारा नंबरचे पैलवान, माना खाली घालून.

"आई पडली?"

"बसली. होती तिथंच बसली. पडायला आधी उठावं लागतं." मग मी जरा घाईनंच पुढं गेलो. "मी भोकाला डोळा लावून बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. मी लोंबकळलो ते खाली. शिंपीभाऊ लोंबकळले ते खाली. ती लोंबकळत नाही. ती दांडीला स्वतःकडे ओढते. कमोडवर बसलेलं माणूस उठताना आधी पुढं झुकतं, बाजूची भिंत मागं राहते, आणि सगळी ओढ बाहेरच्या बाजूला. जन्मभर जो प्रश्न मी लोकांना विचारला, तो हिला विचारलाच नाही. मला वाटलं मला तिची ओढ माहीत आहे."

जावईबापूंनी तेवढ्यात कप उचलला, एक घोट घेतला, आणि थंड चहाचं तोंड करून परत ठेवला.

"मग लांब स्क्रू लावायचे," ते म्हणाले. "आणि गिट्टी."

गिट्टी म्हणजे भोकात आधी बसवायची प्लास्टिकची पुंगळी. स्क्रू तिच्यात शिरला की ती फुगते आणि भिंतीला आतून धरून ठेवते. जावईबापूंचं बरोबरच होतं. मीही तेच केलं. दहा नंबर, तीन इंची, जाडीला कमी पण पोटात लांबलचक आटे, आणि त्याच्या मापाच्या गिट्ट्या. पण आमची भिंत कसली म्हणता? ज्यानं बांधली त्यानं विटांच्या जागी विटांची आठवण वापरली होती. वरून टाइल, तिच्यामागं बोटभर प्लास्टर, आणि त्याच्यामागं पोकळी. भोक पाडलं तर ड्रिल आत गेल्यावर एकदम हलकं झालं, ओझं टाकल्यावर माणूस होतो तसं. पहिली गिट्टी आत सरकवली. ती गेली, गेली आणि नाहीशी झाली. मग आतून आवाज यायला लागला. टिक. टिक. टिक. भिंतीच्या पोटातून खाली, खाली. मी कान लावून ऐकत बसलो. पाच मिनिटांनी दारावर थाप. खालच्या बाई, हातात मग. त्या तोंड धूत होत्या आणि भिंतीतून गिट्टी त्यांच्या मगात पडली.

"तुमची आहे का?" म्हणाल्या.

मी म्हटलं, "आमचीच. बाकीच्या तीन पण येतील, जरा मग धरून बसा."

"बसल्या?" लेकीनं विचारलं.

"चौथी आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. चांगल्या स्वभावाच्या आहेत. त्यांनीच तुला फोन केला ना?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं. "हो. त्यांनीच केला. त्यांना बरंच ऐकू येतं वाटतं तुमच्या घरातलं."

"भिंत पोकळ आहे. पोकळ भिंतीत शिंक आली तरी माणूस पडल्यासारखी वाटते."

मग मी दुकानात गेलो. दुकान आता पुडीच्या मालाचं झालंय, खण काढून टाकले, भिंतीवर हुक आणि हुकांना पुड्या. शेठ मात्र त्याच स्टुलावर. त्यांना आता नीट दिसत नाही, ते माणसं आवाजावरून ओळखतात आणि स्क्रू वासावरून. मी म्हटलं, शेठ, मोठा स्क्रू द्या. ते हसले. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना छळलं, आता त्यांनी त्याचं उट्टं काढलं. कशात? म्हटलं पोकळीत. वजन? म्हटलं बायको. ओढ कुठल्या बाजूची? म्हटलं माझ्यापासून लांब.

"असं म्हणालात?" लेकीनं विचारलं.

"शेठला म्हणालो. तुझ्या आईला सांगू नको."

शेठ म्हणाले, पोकळीत स्क्रू धरत नाही, कितीही आटे असू देत. धरायला पलीकडे काहीतरी लागतं. आरपार जायचं, पलीकडून चकती लावायची आणि नट आवळायचा. मग तू ओढ, मी ओढ, कुणी ओढ. दुकानाच्या मागच्या अंधारातून त्यांनी एक सळई काढली, टोकापासून टोकापर्यंत आटे पाडलेली, इतकी लांब की तिचं एक टोक दुकानात असताना दुसरं टोक कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात गेलं. न्हावी गिऱ्हाइकाची दाढी करत होता, त्यानं वस्तरा बाजूला ठेवला आणि टोक धरून बाहेर आणून दिलं. ती सळई खांद्यावर घेऊन मी घरी आलो. वळणं घेताना सगळा रस्ता थांबवावा लागला. आमच्या जिन्यात ती मावेना, तर मी तिला जिन्यात आटे घेत घेत वर चढवली. एक मजला चढायला सळईला अठरा वेढे.

जावईबापू आता दोन्ही डोळे उघडून बसले होते. "आणि भोक?"

"भोक पाडायला सकाळी बसलो. ड्रिल टाइलमधून गेलं, प्लास्टरमधून गेलं, पोकळीतून गेलं, मग पलीकडच्या प्लास्टरमध्ये शिरलं आणि शिंपीभाऊंच्या घरात, त्यांच्या शिलाई मशीनच्या मागं, बाहेर आलं. ते मशीनवर डुलकी काढत होते. मानेपाशी ड्रिल फिरतंय बघून त्यांना वाटलं गिऱ्हाईक माप द्यायला आलंय. त्यांनी झोपेतच टेप काढून ड्रिलचं माप घेतलं. चौदा गळा."

लेकीला हसू आलं. तिला लहानपणी यायचं तसं, आधी नाकातून. ती हसली की मला बरं वाटतं, आणि बरं वाटलं की मी वाहवतो, ही माझी जुनी सवय आहे.

"मग सळई घातली. ह्या बाजूला दांडी, त्या बाजूला चकती. पण सळई एवढी मोठी, तिला कुठली चकती पुरणार? शिंपीभाऊंनी मोठ्या पातेल्याचं झाकण आणलं, मधोमध भोक पाडलं, सळईत घातलं आणि नट आवळला. तेव्हापासून ही ओढते आणि पलीकडे झाकण वाजतं. झाकण वाजलं की शिंपीभाऊ समजतात, वहिनी उठल्या. ते चहा टाकतात. आणि त्यांचे पण गुडघे आमच्यासारखेच, तर मशीनवरून उठायचं असलं की ते झाकणाला धरून उठतात. तेव्हा इकडे दांडी आत खेचली जाते. दोघांनी एकदम ओढलं की दोघं एकदम उठतात. तराजूसारखं. कधी कधी तर ही काही करत नसते, नुसती बसलेली असते, आणि ते उठले की ही पण आपोआप उभी."

"आणि आज सकाळचा आवाज?" लेकीनं विचारलं. ती अजून हसत होती, पण प्रश्न विचारला तेव्हा हसणं थांबलेलं होतं.

"तेच तर. नट जास्त आवळला गेलाय. आटे आटे करत शिंपीभाऊंचं घर आमच्याकडे सरकतंय. रोज केसभर. त्यांचं स्वयंपाकघर लहान झालंय, आमचं बाथरूम मोठं झालंय. सकाळी हिनं जरा जोरात ओढलं आणि त्यांचं घर एकदम चांगलं दोन सूत सरकलं. धप्प. दोन सूत म्हणजे पाव इंच, पण घर पाव इंच सरकलं तरी आवाज होणारच. खालच्या बाईंना काय कळणार, घर पडलं की माणूस?"

दार उघडंच होतं. आमच्याकडे दिवसा दार लावत नाहीत, कारण ते लावायला उठावं लागतं. त्या दारातून नेमके शिंपीभाऊ आत आले. गळ्यात टेप, हातात हिची उशीची खोळ, शिवून आणलेली. अत्यंत सरळ माणूस. त्यांनी कधी कापडाचा एक तुकडा जास्त मागितला नाही की शिलाईची तारीख चुकवली नाही. अशा माणसाला साक्षीला बोलवू नये, पण माझ्याकडे दुसरा नव्हता.

"शिंपीभाऊ," मी म्हणालो, "लेकीला सांगा जरा. तुमच्या घरात झाकण आहे की नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग लेकीकडे. मग लेकीच्या मांडीवरच्या पर्सकडे. "झाकण," ते म्हणाले. "आहे की. झाकणं असतातच घरात."

"सळईला लावलेलं."

"सळईला." ते एवढंच म्हणाले आणि त्यांनी खोळीची घडी पुन्हा घातली. "हो, सळईला. लावलंय."

"कुठं लावलंय, काका?" लेकीनं विचारलं.

"स्वयंपाकघरात."

"बाबा म्हणाले मशीनच्या मागं."

शिंपीभाऊंना घाम आला. ह्या वयात त्यांना खोटं बोलायला लावणं म्हणजे जिना दोनदा चढायला लावण्यासारखं होतं. मीच पुढं झालो. "घर सरकतंय ना. आधी मशीन होतं तिथं आता स्वयंपाकघर आलंय."

"हां," शिंपीभाऊ म्हणाले. "सरकतंय. फार सरकतंय. मला परवा मीठच सापडत नव्हतं."

माझा ऊर भरून आला. एवढी चांगली थाप त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मारली असेल.

जावईबापू भिंतीवरून डोकं उचलून इकडेतिकडे बघत होते. "काका," ते हळूच म्हणाले, "तुमचं दार तर आम्हाला जिना चढल्यावर डाव्या हाताला लागलं."

"हो," शिंपीभाऊ म्हणाले.

"आणि ह्यांचं बाथरूम आत गेल्यावर उजव्या हाताला आहे ना?"

"जावईबापू," मी म्हणालो, "रात्रपाळी करून आलेल्या माणसाला डावं-उजवं कळत नाही. झोपेत दिशा फिरतात. मी ह्या घरात निवृत्तीनंतर राहायला आलो, मला अजून कळत नाही. तुम्ही जरा पडा. चादर देऊ?"

"नको," ते म्हणाले. "दांडी बघतो आणि मग पडतो." पण ते उठले नाहीत. त्यांनाही अंगात जोर नव्हता. लेकीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. सगळे बसलेले. एकटे शिंपीभाऊ उभे, कारण त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"बाबा," लेक म्हणाली, अगदी हळू, मी गिऱ्हाइकांना विचारायचो तसं. "कशात बसवलीय दांडी?"

"भिंतीत."

"किती वजन घेते?"

"तुझ्या आईचं, शिंपीभाऊंचं आणि त्यांच्या सगळ्या घराचं."

"ओढ कुठल्या बाजूची?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं. तीन-चार उत्तरं तयार होती. एकात न्हावी परत येत होता, एकात रस्त्यावरचा दिव्याचा खांब होता. त्यातलं चांगलं कुठलं, हे ठरवायला मी डोळे मिटले, आणि खरं सांगायचं तर मिटले ते मला उघडावेसे वाटेनात. डोळे मिटून बसायला इतकं बरं वाटत होतं की थाप राहिली बाजूला आणि माझी मान पुढं गेली.

आतल्या दारापाशी चाहूल लागली, तसे मी डोळे किलकिले केले. ही उभी होती. एका हातानं चौकट धरलेली आणि दुसऱ्या हातात तिची पिशवी, कपडे भरून वरून गाठ मारलेली. दमून श्वास घेत होती. शिंपीभाऊ पिशवी घ्यायला पुढं झाले तर तिनं मानेनंच नको म्हटलं. लेक उठली.

"दांडी पक्की आहे," मी म्हणालो. डोळे परत मिटले होते तरी म्हणालो.

"पुरे," ही म्हणाली. "त्या भिंतीपलीकडे शिंपीभाऊ राहात नाहीत, पलीकडे रस्ता आहे. आणि अलीकडे दांडी नाही, चार भोकं आहेत. मी उठते ती ह्यांच्या गळ्यात हात टाकून, आणि सकाळी आम्ही दोघं एकदम पडलो. मी येते तुझ्याबरोबर. ह्यांना जरा झोपू दे."